रोटाव्हेटरची पाती लवकर झिजतात: महाग घ्यावीत, रॉड मारून घ्यावा की आणखी काही?

पारनेर तालुक्यातल्या एका शेतकरी भावांचा प्रश्न आहे. ४५ एचपीचा ट्रॅक्टर, सहा फुटी रोटाव्हेटर, थोडी घरची जमीन आणि बाकी भाड्याचं काम. त्यांचं म्हणणं असं की पूर्वी पात्यांचा एक संच हंगामभर पुरायचा, आता ८० एकरांतच पाती संपतात. दुकानदार बोरॉनची महाग पाती घ्या म्हणतो. गावातला वेल्डर धारेवर कडक रॉड मारून (म्हणजे वेल्डिंगने कडक थर चढवून) देतो म्हणतो. लोहाराचा सल्ला असा की कल्टिव्हेटरचे फाळ ट्रकच्या पाट्यापासून (स्प्रिंगच्या पट्टीपासून) करून घ्या, बाजारातले घेऊच नका. यातलं जास्त टिकणारं कोणतं?

मी अवजारं दुरुस्तीचं वर्कशॉप चालवतो आणि हंगामात माझाही रोटाव्हेटर भाड्याने फिरतो. त्यामुळे हा प्रश्न मला दुकानाच्या दोन्ही बाजूंनी पडतो. या तिघांपैकी कुणीच चुकीचं सांगत नाही, पण तिघांनीही तुमची जुनी पाती पाहिलेली नाहीत. खरी अडचण तिथेच आहे. पातं तीन प्रकारे जातं: झिजतं, वाकतं किंवा मोडतं. एकावरचा उपाय दुसऱ्यात उलटा पडतो.

म्हणून आधी काढून टाकलेल्या पात्यांचं पोतं उपडं करा आणि तीन ढीग लावा. बहुतेक पाती सारखी बारीक होत संपली असतील, तर जास्त टणक पोलादाला पैसे देण्यात अर्थ आहे. वाकलेली जास्त असतील, तर माल मऊ आहे, त्याला नीट पाणी पाजलेलंच नाही (तापवून, बुडवून टणक केलेलंच नाही) किंवा ७ मिलिमीटरच्या नावाखाली पातळ पट्टी गळ्यात मारली आहे. मोडलेली जास्त असतील, तर मात्र थांबा. अशा रानात आणखी टणक पातं घातलं तर ते आणखी लवकर मोडेल, कारण पोलाद जसं टणक होतं तसं ते ठिसूळपणाकडे सरकतं. तिथे चिवट पातं लागतं, आणि त्याहून आधी दगड वेचावे लागतात.

मोडलेल्या पात्याचा तुटलेला भाग उजेडात धरून बघा. बारीक कणांची, एकसारखी करडी तूट असेल तर पोलाद बरं होतं, दगडाचा मार जास्त झाला. खडीसाखर फोडल्यासारखे मोठे चमकते कण दिसले, तर कारखान्यात पातं प्रमाणाबाहेर तापवलं गेलं होतं, त्यात तुमचा किंवा ड्रायव्हरचा दोष नाही. आणि तुटीचा एक कोपरा गंजलेला काळा व बाकीचा ताजा असेल, तर तिथे आधीपासून तडा होता. तो बोल्टच्या भोकापासून सुरू झालेला असेल तर बोल्ट ढिले चालत होते, असं समजा.

झिजलेल्या पात्यांतही दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, झीज कुठे आहे. धार झिजणं स्वाभाविक आहे. पण पात्याची पाठ आरशासारखी घासलेली असेल, तर ट्रॅक्टर रोटरच्या फेऱ्यांच्या मानाने जास्त वेगात पळतोय. पातं माती कापण्याऐवजी न कापलेल्या मातीवर पाठ घासत जातं. दुसरी, कुठल्या जागेवरची पाती आधी गेली. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या मागात माती दाबलेली असते, तिथली पाती नेहमी लवकर जातात. कल्टिव्हेटरच्या फाळांचंही तेच. संच निम्मा झिजला की चाकामागची पाती काढून दुसऱ्या फ्लँजवर (पाती बसवायच्या चकतीवर) लावा आणि तिथली इकडे आणा. डावं पातं डाव्याच जागी आणि उजवं उजव्याच जागी जाईल एवढं सांभाळा. एवढ्यानेच काही जणांच्या संचाचं आयुष्य वाढलेलं मी बघितलंय, आणि त्याला पैसा लागत नाही.

आता जमीन. पारनेरच्या पठारावरचा मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्ट. बेसाल्टमधली खनिजं खनिजांच्या दहाच्या मापात साधारण ५ ते ६.५ इतकी कठीण असतात. चुनखडीचे खडे ३ वर, म्हणजे त्यांचा त्रास धारेला फारसा नाही. पण आपल्या दगडात गारगोटी असते आणि गारगोटी ७ वर आहे. पाणी पाजलेलं चांगलं पातंही तिच्यापेक्षा मऊच राहतं. प्रयोगशाळेतल्या व्हिकर्स मापात चांगल्या पात्याची धार ६०० च्या आसपास येते, गारगोटी हजाराच्या पुढे. म्हणजे ज्या रानात गारगोटीचा चुरा आहे तिथे कुठलंही पोलादी पातं झिजणारच, प्रश्न फक्त किती सावकाश एवढाच. भंडारा-गोंदियाकडच्या वाळूमिश्रित जमिनीत हे प्रकर्षाने दिसतं. तिकडची पाती मोडत कमी, पण कागदासारखी पातळ होऊन येतात. तुमच्याकडे मुरूम, गोटे आणि गारगोटी तिन्ही आहेत. त्यामुळे तिकडच्या एखाद्या शेतकऱ्याने छातीठोक सांगितलेली पाती तुमच्या रानात तशीच टिकतील, असं धरून चालू नका.

बोरॉनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण डब्यावर हा शब्द छापणं फार सोपं झालंय. बोरॉन स्वतः पात्याला टणक करत नाही. पोलादात ते टक्क्याच्या हजारांश भागात, साधारण ०.००१ ते ०.००५ टक्के एवढंच असतं. त्याचं काम असं की तापवलेलं पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवल्यावर टणकपणा वरच्या थरापुरता न राहता आतपर्यंत उतरतो. त्यामुळे कार्बन फार न वाढवता टणकपणा आणि चिवटपणा दोन्ही साधता येतात. पण तापवणं, बुडवणं आणि नंतर हलकं टेंपर करणं (पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा घालवणं) यात कारखान्याने कुचराई केली, तर बोरॉन असूनही पातं साधंच निघतं. उलट नीट प्रक्रिया केलेलं बिनबोरॉनचं स्प्रिंग पोलादही छान चालतं. म्हणून दुकानदाराला बोरॉन आहे का हे विचारण्यापेक्षा धारेचा आणि शँकचा (पात्याच्या बोल्ट लागणाऱ्या मागच्या भागाचा) टणकपणा किती आहे ते विचारा. रॉकवेल सी मापात धार पन्नाशीच्या पुढे हवी आणि शँक चाळिशीच्या आसपास, म्हणजे जाणूनबुजून कमी. शँकला धक्का सोसायचा असतो. पूर्ण पातं सारखंच टणक असेल तर ते दगडावर शँकपाशी मोडतं.

हे आकडे मोजायला यंत्र लागतं, आणि ते गावात नसतं. पण कानस असते. नवी, चांगली कानस धारेवर चालवा. धारेवर ती घसरत, जेमतेम ओरखडे काढत गेली पाहिजे, आणि शँकवर जरा जास्त धरली पाहिजे. दोन्हीकडे लोण्यात गेल्यासारखी शिरली तर ते पातं दुकानातच राहू द्या. दोन्हीकडे काचेवरून जावी तशी सटकली, तर दगडाच्या रानासाठी तेही नको. त्याच बरोबर डब्यातली पाच-सहा पाती तराजूवर ठेवा. एकाच संचातल्या पात्यांच्या वजनात चांगलाच फरक असेल, तर कारखान्याचं मोजमाप ढिसाळ आहे, आणि जो मोजमापात ढिसाळ तो भट्टीतही ढिसाळ असतो असा माझा अनुभव आहे. पात्यावर कोरलेला शिक्का आणि बॅच नंबर असावा. फक्त डब्यावरचं स्टिकर पुरेसं नाही, नकली माल बहुतेक स्टिकरवरच विकला जातो.

आता पैशाचं. सहा फुटी रोटाव्हेटरला साधारण ४२ पाती बसतात. हिशोब समजण्यासाठी आकडे मी गृहीत धरतोय, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला. साधं पातं ९० रुपयांना धरलं तर संच ३,७८० रुपयांचा. बदलायची मजुरी, खराब झालेले बोल्ट आणि बुडालेलं भाडं मिळून १,५०० धरू. एकूण ५,२८०. ८० एकर चाललं तर एकरी ६६ रुपये. चांगलं पातं १५० रुपयांचं, संच ६,३००, वरचे १,५०० धरून ७,८००. हा संच साध्याच्या बरोबरीला यायलाच ११८ एकर चालला पाहिजे, म्हणजे जवळजवळ दीडपट. १४० एकर चालला तर एकरी खर्च ५६ रुपयांच्या आत येतो आणि वर्षाला ५०० एकर करणाऱ्याचे पाच हजार वाचतात. ११० एकरांत संपला तर मात्र महाग घेऊनही तोटा. दुकानदार "दुप्पट चालतं" म्हणतो तेव्हा हा ११८ चा आकडा डोक्यात ठेवा.

तो आकडा खरा की खोटा हे तुमच्याच रोटरवर तपासता येतं, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तिथूनच मिळेल. पूर्ण संच महाग घेऊ नका. साधारण निम्मा जुन्या प्रकारचा, उरलेला नव्या प्रकारचा घ्या. दोन्ही नवेकोरे, लांबी आणि जाडी सारखी. सात फ्लँज असतात, प्रत्येकावर सहा पाती. एका फ्लँजवर साधी, पुढच्यावर महाग, असं एकाआड एक बसवा. डावीकडे सगळी साधी आणि उजवीकडे सगळी महाग, असं करू नका. तसं केलं तर चाकाचा माग आणि वळणं हिशोब बिघडवतील, शिवाय एका बाजूची झीज जास्त होऊन रोटर थरथरेल. बसवण्याआधी प्रत्येक प्रकारची चार-पाच पाती ग्रॅममध्ये तोलून त्यांच्यावर पंचने खुणा करा आणि वजन वहीत लिहा. ४० एकरांनंतर तीच पाती धुऊन पुन्हा तोला. रान तेच, ड्रायव्हर तोच, ओल तीच. कुठल्या पात्याने किती पोलाद गमावलं ते वजन सांगेल. वजनाबरोबर टोकाची लांबीही मोजा, कारण काही पाती वजनाने कमी घटतात पण नेमकी टोकाला आखूड होतात, आणि टोक गेलं की खोली जाते.

पोलादाहून मोठा फरक कधी कधी रोटरचा गिअर पाडतो. उदाहरण बघा. तासाला ३ किलोमीटरने चालत असाल तर ट्रॅक्टर मिनिटाला ५० मीटर सरकतो. रोटर २०० फेऱ्यांवर असेल आणि फ्लँजवर एका बाजूची तीन पाती असतील, तर दर ८ सेंटिमीटरला एक काप पडतो. रोटर २५० वर नेला तर काप साडेसहा-पावणेसात सेंटिमीटरचा होतो, माती जरा बारीक. पण एका एकराला सहा फुटी यंत्राने साधारण पाऊण तास लागतो. तेवढ्यात २०० वर प्रत्येक पातं जवळपास ९,००० वेळा मातीत शिरतं आणि २५० वर ११,००० हून जास्त वेळा. त्यात टोकाचा वेगही सेकंदाला ५ मीटरवरून सव्वासहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे गोट्यावर बसणारा प्रत्येक फटका जास्त जोराचा. भाड्याच्या कामात गिऱ्हाईकाला पिठासारखी माती हवी असते आणि ड्रायव्हर यंत्र कायम जास्त फेऱ्यांवर ठेवतो. मागची फळी खाली दाबून ठेवली की तीच माती आत पुन्हा पुन्हा घुसळते आणि पाती फुकट घासली जातात. हरभऱ्याला किंवा उसाच्या लागणीला इतकी बारीक माती लागतच नाही. गिऱ्हाईकाला हे समजावून सांगा, मी सांगतो आणि बहुतेक लोक ऐकतात. मात्र फेऱ्या कमी केल्यावर ट्रॅक्टरचा वेग तोच ठेवून पात्यांची पाठ पाहत राहा. पाठ चमकायला लागली तर वेग थोडा उतरवा.

ओलीचंही तसंच. वाफशावर चाललेलं यंत्र आणि एप्रिलच्या वाळलेल्या ढेकळांत चाललेलं यंत्र यांच्या पात्यांची तुलना होऊच शकत नाही. कोरड्या रानात काम घ्यावंच लागलं तर आधी कल्टिव्हेटरची एक पाळी मारून मग रोटर घाला, आणि त्या पाळीचे पैसे वेगळे लावा. "पूर्वी हंगामभर पुरायचा" या तुमच्या वाक्यावरून मला एक शंका येते. पूर्वी तुम्ही घरच्या, वेचलेल्या रानात चालत होता आणि आता भाड्यामुळे लोकांच्या गोट्यांच्या रानात, मिळेल त्या ओलीवर चालता. तसं असेल तर पाती बिघडलेली नाहीत, काम बदललंय. मग दगडाच्या रानाचा दर वेगळा ठेवणं हाच त्यातला निम्मा उपाय.

वेल्डरच्या रॉडकडे येतो. हार्डफेसिंगचा जास्त क्रोमियमचा रॉड खरोखर काम करतो. त्यात क्रोमियम कार्बाइडचे कण तयार होतात आणि ते गारगोटीपेक्षाही कठीण असतात. पण रोटाव्हेटरच्या पात्यावर मी तो सहसा मारत नाही. पाणी पाजलेल्या पोलादावर वेल्डिंग केलं की टाक्याच्या शेजारची पट्टी मऊ पडते, आणि लगेच गार झाली तर उलट ठिसूळ होते. फिरतं पातं दगडावर आपटलं की तो कडक थर कपच्यांनी उडतो किंवा त्या शेजारच्या पट्टीतून पातंच तुटतं. शिवाय ४२ पात्यांवर सारखं वजन घालणं कुठल्याही वेल्डरला अवघड, आणि वजन कमीजास्त झालं की बेअरिंग जातात. बिनदगडाच्या वाळूसर रानापुरतंच काम असेल तर करून बघायला हरकत नाही. तुमच्या पठारावर नको.

कल्टिव्हेटरच्या फाळांना मात्र मी हाच रॉड आवर्जून मारतो. फाळ फिरत नाही, जाड असतो आणि स्प्रिंगमुळे धक्का थोडा झेलला जातो. पण काही गोष्टी सांभाळा. फाळ नवा असतानाच मारा. झिजून पातळ झालेल्या टोकावर रॉड म्हणजे मेलेल्याला औषध. आधी फाळ पाणी टाकल्यावर चरचरून लगेच उडेल एवढा, म्हणजे दीडशे-दोनशे अंशांपर्यंत सगळीकडून तापवा. एकच बाजू करा, दोन्ही नाही. एका बाजूला कडक थर आणि दुसऱ्या बाजूला साधं पोलाद असेल, तर साधी बाजू आधी झिजत जाते आणि कडक थराची धार आपोआप पुढे राहते. दोन्ही बाजूंनी मारलं तर टोक बोथट होतं, मातीत घुसत नाही आणि डिझेल खातं. पहिला थर खालच्या पोलादात मिसळतो म्हणून तो पूर्ण कडक होत नाही. दुसरा मारला तर खरा गुण दिसतो, पण तिसऱ्याच्या नादी लागू नका, तो सुटून पडतो. थरावर आडव्या बारीक चिरा दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, या रॉडचा तो स्वभावच आहे. टाक्याच्या कडेने लांबीला गेलेली चीर मात्र वाईट. आणि काम झाल्यावर फाळ पाण्यात टाकू नका. राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून सावकाश गार होऊ द्या. हे शेवटचं तुमच्या वेल्डरला दोनदा सांगा, कारण घाईत बादलीत बुडवायची सवय असते.

लोहाराच्या पाट्याच्या फाळांबद्दल मला आदर आहे. ट्रकच्या पाट्याच्या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा जास्त असतो, ते उत्तम पाणी घेतं, आणि हाताखालचा लोहार चांगला असेल तर बाजारातल्या स्वस्त फाळापेक्षा हा फाळ निश्चित सरस. झिजला की शेवटून (तापवून, ठोकून टोक पुन्हा काढून) आणता येतो, तो फायदा वेगळाच. यात दोनच धोके आहेत. जुना पाटा लाखो धक्के खाऊन आलेला असतो, त्यात न दिसणाऱ्या चिरा असतात, म्हणून मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा तुकडा वापरू देऊ नका. दुसरा, तापवण्याचा. लोखंडातून ठिणग्या उडेपर्यंत भट्टीत ठेवलं तर कार्बन जळून पोलाद वाया जातं, आणि लालभडक पाटा थेट थंड पाण्यात टाकला तर तडकू शकतो. तेलात बुडवणारा लोहार शोधा. जाणता माणूस फक्त टोक बुडवतो, मागची उष्णता पुढे येऊ देतो आणि घासलेल्या टोकावर सोनेरी-तपकिरी रंग आला की पूर्ण गार करतो. असं करणारा तुमच्या गावात असेल तर त्याला काम द्या. बाजारातले घ्यायचे असतील तर दोन्ही टोकांना धार असलेले, उलटे करून बसवता येणारे फाळ घ्या. टंगस्टन कार्बाइडची टोकं मिळतात, फार कठीण असतात, पण गोट्यांच्या रानात त्यांची चिप उडून जाते. तुमच्यासाठी नाहीत.

धार लावायची असेल तर ग्राइंडर हलक्या हाताने चालवा. धारेवर निळा रंग चढला की तिथलं पाणी उतरलं, मग ते पातं कितीही महागाचं असो.

तुमच्या जागी मी असतो तर या हंगामात निम्मा-निम्मा संच बसवून वजनं लिहिली असती, रोटर एक गिअर खाली चालवला असता आणि कल्टिव्हेटरच्या नव्या फाळांना एका बाजूने रॉड मारून घेतला असता. मोडलेल्या पात्यांचा ढीग मोठा निघाला, तर मात्र टणक पात्याचा विचार सोडून ८ मिलिमीटर जाडीचं, जरा मऊ पण चिवट पातं बघा आणि मला तुटीचं वर्णन कळवा. नवी पाती बसवताना बोल्टही नवे आणि ८.८ किंवा १०.९ ग्रेडचेच घाला, ग्रेड बोल्टच्या डोक्यावर कोरलेली असते. पहिले दोन तास काम झालं की यंत्र उचलून, पीटीओ (रोटाव्हेटर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) बंद करून, ट्रॅक्टरची चावी काढून आणि रोटरखाली ठोकळे लावून सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. नवा रंग घासला गेला की पहिली आवळणी हमखास ढिली पडते.